मुशीला घर नसतं म्हणे!

‘शार्क थांबला की मरतो, म्हणून जन्मभर भटकत राहतो. त्याला घर ना दार. एखादा किनारा राखून त्याचं काही भलं होत नाही. आणि मासाच तो, भराभर वाढतो, हजारोंनी पिल्लं घालतो.’ शार्कवरचा, म्हणजे आपल्या मुशीवरचा, हा मजकूर एकाच सकाळी मला तिघांनी पाठवला.

थांबण्याचं आधी उरकू. सतत पोहावं लागणाऱ्या जाती आहेत, सगळ्या नाहीत. व्हाइटटिप रीफ शार्क दिवसा प्रवाळाच्या कपारीत निवांत पडून असतो. तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतो.

घराचं म्हणाल, तर बहामातल्या बिमिनी बेटावर चला. शार्क-अभ्यासक सॅम्युअल ग्रुबर यांनी १९९० मध्ये तिथे संशोधन केंद्र काढलं. खारफुटीच्या उथळ पाण्यात लेमन शार्क या जातीची पिल्लं वाढतात. ती जाळ्यात धरायची, लांबी मोजायची, पराचा चिमूटभर तुकडा डीएनएसाठी घ्यायचा, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालायची आणि सोडून द्यायचं. पुढल्या वर्षी तेच पिल्लू सापडलं की रीडरवर त्याचा नंबर उमटतो, वाढ किती झाली तेही कळतं. आई हाती लागली नाही तरी पिल्लांच्या डीएनएवरून तिची ओळख जुळवता येते. १९९३ ते १९९७ दरम्यान इथे जन्मलेल्या किमान सहा माद्या १४ ते १७ वर्षांनी पिल्लं घालायला इथेच परतल्या, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. बाळंतपणाला माहेरी! मोठे शार्क दूर जातात हे खरंच, पण म्हणून माहेर नाही असं कसं?

‘भराभर वाढतो’ हे तर साफ चूक. लेमन शार्क जन्मतः साधारण ६० सेंटिमीटर, आणि वयात यायला बारा-एक वर्षं. मादी वर्षाआड विते, पिल्लं फार तर दीड डझन. हे अंदाजपंचे नाही: टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं की मणक्यात खूण राहते, अतिनील प्रकाशात ती चमकते, तिच्यानंतर वाढीची किती वलयं पडली ते मोजायचं, त्यावरून वय जुळवायचं. आपल्या बाजारातली हातभर मोरी, म्हणजे छोटा शार्क, पाहून कुणाचा घोटाळा झाला असेल, तर तिच्यातल्या काही जाती मुळातच लहान आणि लवकर वयात येणाऱ्या. त्यांचा हिशेब लेमन शार्कला लावू नये.

राहिला किनारा राखण्याचा प्रश्न. बिमिनीतच रिसॉर्टसाठी खाडी उपसली, खारफुटी तोडली. त्यानंतर पहिलं वर्ष पार करणारी पिल्लं कमी झाली.