विश्रांतीला पैसे कशाला?

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर धाकट्यानं एक बिल टाकलं. टाइमशेअरची, म्हणजे रिसॉर्टवर दर वर्षी ठरावीक रात्री राहायचा जो हक्क आधीच पैसे भरून घेतलाय त्याची, वार्षिक देखभाल फी २२,४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २६,४३२. खाली एकच ओळ: ‘दादा, हे आता विकून टाकू.’ इथवर ठीक होतं. मग गावाकडच्या काकांनी लिहिलं, ‘विश्रांती घ्यायला पैसे कशाला लागतात?’ त्यावर बघता बघता अकरा अंगठे आले. त्यात पुण्याचा आतेभाऊ होता, नांदेडच्या मावशीचा जावई होता आणि ज्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही असे दोघे होते. मी तेव्हा जर्मनीत, श्टुटगार्टच्या ऑफिसात मीटिंगला बसलो होतो. पुढचा अर्धा तास कोण काय बोललं ते मला कळलं नाही.

घेतलं मीच होतं, २००८ साली. पेट्रोल पंपावर अप्पांनी कूपन भरलं, चार दिवसांनी फोन आला की तुम्हाला भेटवस्तू लागलीय, नवरा-बायको दोघांनी येऊन घेऊन जा. मी सुट्टीवर आलेलो, म्हणून सोबत गेलो. बार्शी रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला बसवलं ते साडेनऊ वाजता सोडलं. पडद्यावर धबधबे, गोव्याचे किनारे, हसणारी आजी-आजोबा मंडळी. पंचवीस वर्षं, वर्षाला सात रात्री, २ लाख ६० हजार. अप्पा म्हणाले, घरी जाऊन विचार करतो, उद्या सांगतो. टाय लावलेला पोरगा म्हणाला, सर, ही ऑफर आजच्यापुरतीच. आणि मी खिशातून कार्ड काढलं. नाव अप्पांचं, पत्ता लातूरचा, पैसे माझे. भेटवस्तू म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते अजून चालतं.

आता इथे राहून कळतं की असल्या पोराला युरोपात हे जमलं नसतं. इथे टाइमशेअरचा करार चौदा दिवसांच्या आत काही कारण न देता मोडता येतो, आणि त्या मुदतीत ग्राहकाकडून आगाऊ एक पैसा घेणंसुद्धा बेकायदा आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदाच नाही. आमच्या करारात बारीक अक्षरात दहा दिवसांची मुदत होती म्हणे. ती अप्पांनी वाचली अकराव्या दिवशी. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा जास्तच तावातावानं. हा कायदा युरोपला का करावा लागला, ते मात्र लिहिलं नाही. खोली भाड्यानं कशाला घेता, हॉटेलच विकत घ्या, स्वस्त पडेल, ही शक्कल साठच्या दशकात फ्रेंच आल्प्समध्येच निघाली. पुढे स्पेनच्या किनाऱ्यावर इंग्रज आणि जर्मन म्हाताऱ्यांनी अशाच हॉलमध्ये बसून अशाच सह्या केल्या. म्हणजे टाय इथलाच. आपल्याकडे तो उशिरा पोचला एवढंच.

पण काकांच्या त्या वाक्यावर परत येतो, कारण ते डोक्यातून जात नाही.

विश्रांतीला पैसे लागत नाहीत, हे काकांच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. ते लिंबाखाली बाजेवर पडतात आणि चहा येतो. थोड्या वेळानं दुसरा येतो. येळवस घ्या. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूरचे रस्ते ओस पडतात, दुकानं बंद, सगळं शहर शेतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच. असा सण मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिला नाही, हे मी इथल्या लोकांना दर डिसेंबरात सांगतो आणि सांगताना माझा आवाज चढतो. कडब्याची खोप, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. काका खोपीजवळ मांडी घालून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात, या जेवायला. पण ती भज्जी करायला आई, काकू, आत्या आधीच्या दोन दिवसांपासून शेंगा सोलत बसलेल्या असतात. आंबील आदल्या दिवशी आंबत घातलेली असते. पहाटे तीनला चूल पेटते. येळवसच्या रात्री आईचे पाय कोण दाबतं, हे काकांना विचारावंसं वाटलं. पैसे लागत नाहीत हो काका, बाई लागते.

तेवढं एक वाक्य मी टाइप केलं आणि पुसलं.

माझा मुद्दा सरळ होता. टाइमशेअरवर महाबळेश्वरला गेलो तेव्हा आईनं सात दिवस स्वयंपाक केला नाही. मी तो नाश्ता पाहिलाय. ती हातात रिकामी प्लेट धरून रांगेत उभी होती, पदर खोचलेला, आणि डोसेवाल्याला बोटानं दाखवत होती, अजून थोडा कडक होऊ दे. डोसा आल्यावर बाजूला उभी राहून एक घास तिथंच खाल्ला आणि मग टेबलापाशी आली. उभ्यानं खाणारी ही बाई मी त्याआधी पाहिलीच नव्हती. त्यानंतर कितीतरी वर्षं ती सांगायची, आयतं मिळालं की डोसा पण वेगळा लागतो.

इथे माझ्या खालच्या मजल्यावरचं जोडपं दर ऑगस्टला बोडनझे या तळ्याकाठी त्याच घरात जातं, बावीस वर्षं झाली. जानेवारीतच रजा टाकतात. पाच दिवसांच्या आठवड्याला वीस दिवस रजा हा इथे कायद्यानं किमान हक्क आहे, आमच्या कंपनीत तीस. रजेवरच्या माणसाला कुणी फोन करत नाही आणि तोही घेत नाही. विश्रांती हे इथे काम आहे, त्याचं वेळापत्रक असतं. आपल्याकडे सुट्टी म्हणजे तुळजापूर, परळी, औंढा एका दिवसात उरकायचं आणि रात्री अकराला घरी येऊन पिठलं टाकायचं. हेही मी ग्रुपवर लिहिलं. त्याच जोडप्याची आई तीन स्टेशनं पुढच्या वृद्धाश्रमात आहे आणि ते दर रविवारी केक घेऊन तिच्याकडे जातात, हे लिहिलं नाही.

धाकट्यानं ग्रुपवर काही उत्तर दिलं नाही. रात्री फोन केला. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, हिशेब बिलबुकाच्या पाठीवर करायची सवय. ‘सतरा वर्षांत ११९ रात्री आपल्या हक्काच्या होत्या. वापरल्या ३१. उरलेल्या पुढच्या साली न्यायच्या, त्या साली नाही वापरल्या की बुडाल्या. घेतलेले दोन साठ, फीचे आजवर अडीच लाखांच्या आसपास. एक रात्र पडली साडेसोळा हजाराला, दादा. आणि जेवण वेगळं.’

झालं ते झालं, मी म्हटलं, बुडाले ते पैसे मोजायचेच नाहीत, इथून पुढचं बघ. तर तो म्हणाला, पुढचंच बघायलो. आठ वर्षं राहिलीत. फी वाढलीच नाही असं धरलं तरी २ लाख ११ हजार. पहिल्या साली फी ७,८०० होती. वाढणार नाही म्हणतोस?

विकायला काढलं की काय होतं तेही त्यानं बघून झालं होतं. एका एजंटाचा फोन आला: साडेतीन लाखांचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटीचे अठ्ठावीस हजार आधी भरा. धाकटा म्हणाला, त्या साडेतीन लाखांतूनच कापून घ्या की. फोन कट. खरं गिऱ्हाईक एकच भेटलं, सोलापूरचं, तीस हजार म्हणालं, नाव बदलायचा खर्च आपल्यावर. शिवाय मेंबरशिप अप्पांच्या नावावर, आणि अप्पा जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, पाचशेच्या बाँडवर सगळ्यांच्या सह्या. माझ्या सहीसाठी म्युनिकच्या वकिलातीत तारीख घ्यायची.

तेव्हा मी विहिरीचा विषय काढला. मला वाटलं, हा हुकमाचा पत्ता आहे. गावाकडची विहीर तिघा भावांत सामाईक, सातबाऱ्यावर तिसरा हिस्सा, दोन-दोन दिवसांची पाळी. अप्पा लातुरात मास्तर, आमच्या पाळीचं पाणी काकाच घ्यायचे. तरी मोटार जळली की रिवाइंडिंगचा तिसरा हिस्सा अप्पा पोचवून द्यायचे. आई चिडायची. अप्पा म्हणायचे, पाळी सोडली की हक्क सुटतो. मी धाकट्याला म्हटलं, हे तसंच आहे रे.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘विहिरीला पाणी तरी होतं, दादा.’

आणि मग त्यानं ते दुसरं सांगितलं. त्या ३१ रात्रींपैकी आई-अप्पा दोघंच गेले ते एकदाच, सात रात्री. बाकीच्या २४ मी आलो तेव्हाच्या. ‘तू सुट्टीवर यायचास आणि ते पण तुझ्या सुट्टीवर जायचे,’ तो म्हणाला. चिडून नाही. खताच्या पोत्यांचा स्टॉक सांगावा तसं.

२०१६ चा एप्रिल मला आठवतो, कारण तो विसरता येत नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. जर्मन टीव्हीवर दहा सेकंद ती गाडी दिसली आणि ऑफिसात एकानं विचारलं, हे तुझ्या गावाजवळ आहे का? मी म्हटलं, गावच आहे. त्याच महिन्यात मी दहा दिवसांसाठी आलो आणि फोनवरच सांगून टाकलं, लातूरला पाणी नाही, तुमचे हाल नकोत, तुम्हीच गोव्याला या. सगळ्यांनी म्हटलं, पोराला किती काळजी. काळजी होतीच. पण त्यासोबत हेही होतं की माझ्या मुलांना एका बादलीत आंघोळ घालायची माझी तयारी नव्हती. माझीही नव्हती.

रिसॉर्टवर पहिल्याच संध्याकाळी अप्पा स्विमिंग पूलच्या कडेनं चालत होते. मला वाटलं, फिरतायत. ते पावलं मोजत होते. एक बाजू झाली, दुसरी झाली, मग पाटीवर लिहिलेली खोली वाचली. माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, ‘वीस बाय आठ. खोली सरासरी सव्वा मीटर धर. दोनशे घनमीटर. दोन लाख लिटर झालं.’ मुलं पाण्यात उड्या मारत होती. ‘वीस टँकर. पहिल्या गाडीला पाच लाख लिटर आलं म्हणे. म्हणजे असे अडीच हौद.’ एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. तक्रार म्हणून बोलले नाहीत, मास्तर माणूस, उदाहरण दिसलं की सोडवायचे. सात दिवसांत ते पाण्यात उतरले नाहीत. मी मात्र रोज दोनदा पोहलो.

धाकटा तेव्हा आला नव्हता. त्यानं दुकान सांभाळलं आणि भावजयीनं टँकरची रांग. खोली चार मोठ्यांची आणि दोन लहानांची होती. आम्ही बरोबर तेवढेच होतो.

आमच्या बिल्डिंगीत केहरवोखची पाटी दारोदार फिरते. ज्याच्या दारावर ती लटकते, त्या आठवड्यात जिना त्यानं झाडायचा. मी एकोणीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही, शेजारीण मला नमुना म्हणून दाखवते. आईच्या गुडघ्यांचं तेल, डोळ्यांचे थेंब, दर तीन महिन्यांनी डॉक्टर, ही पाटी धाकट्याच्या दारावरून कधी हललीच नाही. मी फी भरत आलो. टाइमशेअरची.

आणि तरीही, फोन ठेवल्यावर मला विकावंसं वाटत नव्हतं. गावाकडची विहीर काकांच्या वाटणीत गेली, लातूरचं घर धाकट्याचं आहे आणि असायलाच हवं. भारतातल्या ज्या कागदावर मी काही घडवून आणलं असा एकच कागद म्हणजे तो करार, आणि त्यावरही नाव माझं नाही.

शेवटी आईला फोन केला. गंमत म्हणजे ग्रुपवर एवढी लढाई झाली आणि जिच्या आरामासाठी झाली तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी विश्रांती, बाया, चूल यावर चार मिनिटं बोललो. तिनं ऐकून घेतलं.

‘विका की. मला आता जिना चढवत नाही, मी काय करू तिथं.’ मग म्हणाली, ‘ह्या सालचे पैसे भरलास का?’

भरतो, म्हटलं.

‘मग धाकटीला जाऊ दे. सतरा वर्षं झाली, तिला कुणी म्हणलं का, चल म्हणून?’

काकांना पाठवायचं म्हणून जे वाक्य मी टाइप करून पुसलं होतं, ते मला आठवलं.

डिसेंबरातल्या सात रात्री महाबळेश्वरला धाकटा, भावजय आणि पोरांच्या नावानं बुक केल्या. त्या सात दिवसांत मी लातूरला असेन, आईजवळ. बाँडवर सहीही तिथंच करीन, म्हणजे म्युनिकची खेप वाचली. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. काकांचं वाक्य तिथं आहे तसंच आहे, आता बारा अंगठ्यांसह.

काल धाकट्याची यादी आली. बीपीची गोळी सकाळी, थायरॉइडची त्याच्याही आधी अनशापोटी. थेंब दोन्ही डोळ्यांत, आधी पांढऱ्या झाकणाचे, पाच मिनिटांनी निळ्या झाकणाचे. भाकरी मऊ लागते, शेजारच्या वहिनी देतील. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, ते बरोबर तू असताना येईल. पहाटे चारला. मोटार चालू केलीस की टाकी भरेपर्यंत जागंच राहायचं, झोपू नको.