मेलबर्नचे परप्रांतीय

डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप 2025 च्या एप्रिलपासून तापलेला आहे. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनअखेर तो मागे घेतला गेला, जुलैत वरळीला दोन्ही ठाकरे एका मंचावर दिसले. तरी ग्रुप काही थंड होत नाही. विषय हिंदीवरून परप्रांतीयांवर येतो आणि तिथून हटकून घरांवर. मग तळमजल्यावरचे काका मला म्हणतात, "तुमचं तिकडे बरं आहे गं, असली भांडणं नाहीत."

काका, भांडण इथेही तेच आहे. फक्त इथे परप्रांतीय मी आहे.

31 ऑगस्ट 2025 ला, एका रविवारी, ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शहरांत 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' नावाचे मोर्चे निघाले. बाहेरून येणारे लोंढे थांबवा, ही मागणी. प्रचाराच्या पत्रकात भारतीयांचं थेट नाव होतं: शंभर वर्षांत ग्रीक आणि इटालियन आले नाहीत तेवढे भारतीय पाच वर्षांत आले. मेलबर्नमध्ये मोर्चानंतर काळ्या कपड्यांतलं एक टोळकं किंग्ज डोमेन बागेत शिरलं आणि तिथल्या 'कॅम्प सॉव्हरिन्टी' या आदिवासींच्या तळावर त्यानं हल्ला केला. हजारो वर्षांपासून ज्यांची ही भूमी, त्यांनाच मारहाण. 'भूमिपुत्र' म्हणून गळा काढणाऱ्या कुठल्याही गर्दीचं काय करायचं, हे माझ्यापुरतं त्या दिवशी ठरलं.

सगळे लोक असे नाहीत, हे सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर लावताना शेजारच्या आजीबाई स्वतःहून त्या मोर्च्याबद्दल माझी माफी मागून गेल्या. पण त्याच आजीबाईंचा नातू तिशी उलटली तरी आईवडिलांकडे राहतो, कारण त्याला घर परवडत नाही. त्याचा राग खराच आहे. तो कुणावर काढायचा, याचं तयार उत्तर त्याला मोर्च्यात मिळतं.

आम्ही राहतो मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीटला. इथे घर भाड्यानं मिळवायचं म्हणजे शनिवारी इन्स्पेक्शनला जायचं. एजंट पंधरा मिनिटांसाठी दार उघडतो. बाहेर रांग, आणि रांगेत बहुतेक आपलेच: तेलुगू जोडपी, पंजाबी कुटुंबं, नाशिककडचा एखादा नुकताच उतरलेला मुलगा, बॅगेवरची विमानतळाची चिठ्ठी अजून तशीच. आत जाऊन सगळे ओट्याची लांबी बघतात, एक्झॉस्ट बाहेर हवा टाकतो की नुसता फिरतो ते बघतात (फोडणीचा प्रश्न आहे), मग मोबाइलवर अर्ज भरतात. अर्जात आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र हवं, पगाराच्या स्लिपा हव्यात. नव्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. तो बापाच्या एफ.डी.ची कागदपत्रं जोडतो. तरीही घर मिळतं ते दोन पगारांच्या जोडप्याला.

भाडं इथे आठवड्यावर सांगतात. पाचशे डॉलर ऐकून नवा माणूस मनात चारनं गुणतो आणि दोन हजार धरतो. वर्षात बावन्न आठवडे असतात, त्यामुळे महिना पडतो 2,167 ला. हा फरक पहिल्या तिमाहीत खिशाला कळतो.

मात्र भाडेकरूचं डिपॉझिट, म्हणजे बाँड, व्हिक्टोरियात घरमालकाच्या खिशात जातच नाही. साधारण महिन्याभराचं भाडं सरकारी प्राधिकरणाकडे जमा होतं आणि घर सोडताना मालकाला काही कापायचं असेल तर भाडेकरूची संमती हवी, नाहीतर लवादापुढे जायचं. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं. पुण्यात घर सोडताना 'पेंटिंगचे' म्हणून निम्मं डिपॉझिट गिळलेलं ज्यांनी सोसलंय, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. भाषेवर एवढं रान पेटवणाऱ्या आपल्या पक्षांपैकी कुणी असा कायदा मागितलाय का?

कमाईचं बोलायचं तर किमान वेतन जुलै 2025 ला तासाला 24.95 डॉलर झालं आणि त्यावर 12 टक्के रक्कम मालकानं निवृत्तीच्या खात्यात वेगळी भरायची. सफाईचं काम करणारा माणूस इथे गाडी घेऊन कामावर येतो आणि त्याला कुणी अरेतुरे करत नाही. हे कौतुक खरंच आहे. पण विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं, आणि विद्यार्थी व्हिसाची नुसती फी जुलै 2025 ला 2,000 डॉलर झाली. हिशोब जुळत नाही, म्हणून पोरं रोखीच्या कामाला लागतात. तिथे तासाला पंधरावर राबवणारा मालक बहुतेक वेळा आपल्याच देशाचा असतो आणि 'भाऊ, सांभाळून घे' असं आपल्याच भाषेत म्हणतो.

तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेकांना मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, नाही, पाळणाघराचं सरकारी अनुदानही नाही. एका मुलाच्या पाळणाघराचे दिवसाला दीडशे डॉलरच्या आसपास जातात, त्यामुळे कित्येक घरांत आई किंवा सासू सहा-सहा महिन्यांच्या पाळ्या लावून इथे येते. ही विनामोल मजुरी कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही. कर मात्र आम्ही सगळ्यांच्या बरोबरीनं भरतो.

आता मूळ आरोपाकडे येते. आमच्यामुळे घरं महागली का?

थोडी, हो. 2022-23 या एका वर्षात देशाबाहेर गेलेले वजा करून सव्वापाच लाखांहून जास्त लोक इथे आले. तेवढी घरं बांधली जात नव्हती, भाडी चढली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याआधीचं बघा. मार्च 2020 ते 2021 च्या अखेरीपर्यंत या देशाच्या सीमा जवळपास बंद होत्या. आमच्या ओळखीतले कित्येक जण वडिलांच्या अंत्यविधीलाही जाऊ शकले नाहीत. बाहेरून कुणीच येत नव्हतं. मेलबर्नच्या मध्यवस्तीत भाडी खाली आली, पण घरांच्या किमती 2021 या एका वर्षात देशभरात वीस टक्क्यांहून जास्त वाढल्या. तेव्हा इथल्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदर 0.10 टक्के होता, कर्ज जवळजवळ फुकट होतं, आणि ज्यांच्याकडे एक घर होतं त्यांनी दुसरं घेतलं.

दुसरं घर घ्यायला इथला करच हात देत आला आहे. भाड्यानं दिलेल्या घराचं व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल, तर तो तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करायचा. याला 'निगेटिव्ह गिअरिंग' म्हणतात. 1999 पासून घर विकून झालेल्या नफ्याच्या निम्म्यावरच कर बसू लागला. लेबर पक्षाचे बिल शॉर्टन हे बदलतो म्हणून 2019 च्या निवडणुकीत उभे राहिले आणि जिंकणार जिंकणार म्हणताना हरले. 2022 च्या निवडणुकीआधी पक्षानं तो मुद्दाच सोडून दिला. गृहनिर्माण मंत्री क्लेअर ओनील यांनी 2024 च्या डिसेंबरात स्पष्टच सांगितलं की घरांच्या किमती खाली याव्यात असं सरकारला वाटत नाही. का वाटावं? दोन तृतीयांश कुटुंबांच्या नावावर स्वतःचं घर आहे, आणि मतदान सक्तीचं आहे.

हे वाचताना मला लालबाग आठवतं. माझे आजोबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जमिनी विकायच्या झाल्या तर एक तृतीयांश मोकळी जागा आणि एक तृतीयांश म्हाडाला असा नियम 1991 ला झाला होता. 2001 ला तो अशा रीतीनं बदलला गेला की तो हिस्सा बांधकाम नसलेल्या जमिनीपुरताच उरला, आणि 2006 ला सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. आज तिथे मॉल आणि मनोरे आहेत. घरासाठी गिरणी कामगारांचे अर्ज लाखाच्या वर गेले, मिळालेली घरं हजारांत मोजायची. आम्ही डोंबिवलीला आलो ते या सगळ्यात. गोरखपूरच्या टॅक्सीवाल्यानं आमची खोली घेतली नव्हती. तो बिचारा दहा जणांत एक खोली करून राहत होता. नियम बदलला तेव्हा मंत्रालयातल्या खुर्च्यांवर आपलीच मराठी माणसं होती. ग्रुपवर हे लिहिलं की काका अंगठा टाकतात आणि पुढच्या मिनिटाला कुठल्याशा भैय्याचा व्हिडिओ पाठवतात.

दोन्हीकडचं सारखं नाही तेही मांडायला हवं. मुंबईत आलेला उत्तर भारतीय या देशाचा नागरिक आहे. यादीत नाव घातलं की त्याला मत आहे, राज्यघटना त्याच्या बाजूला आहे. मी इथे पी.आर., म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळेपर्यंत सरकारच्या मर्जीवर होते आणि पी.आर. मिळाल्यावरही मत नव्हतं. मतासाठी नागरिकत्व घ्यायचं, म्हणजे भारताचं सोडायचं. त्या दिवशी निळा पासपोर्ट रद्दीचा शिक्का मारून परत आला, तेव्हा नवरा दिवसभर काही बोलला नाही.

एकदा मत मिळालं की मात्र ते टाकावंच लागतं. 1924 पासून इथे मतदान सक्तीचं आहे. विनाकारण टाळलं तर वीस डॉलर दंड. मतदान शनिवारी, शाळेत, आणि बाहेर पालकांनी लावलेल्या शेगडीवर पावात घालून सॉसेज. (आमच्या शाळेत आता शाकाहारीही मिळतं, चव यथातथाच.) पोलीस नाहीत, दारूबंदी नाही, बोटाला शाई नाही. नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक येतात. 2024 ला मुंबईत लोकसभेला निम्म्याहून थोडेसेच आले होते.

या सक्तीचा एक परिणाम मला फार मोलाचा वाटतो. चिडलेल्यांना घराबाहेर काढून निवडणूक जिंकता येत नाही, कारण न चिडलेलेही रांगेत उभे असतात. 2025 ला विरोधी पक्षनेते पीटर डटन कायम स्थलांतर पंचवीस टक्क्यांनी कापून घरं मोकळी करू म्हणत होते. 3 मे रोजी त्यांचा पक्ष आपटला आणि डिक्सन ही स्वतःची जागाही गेली. सप्टेंबरात विरोधी आघाडीच्याच सिनेटर जसिंटा प्राइस म्हणाल्या की लेबर पक्ष मतांसाठी भारतीयांना आत घेतो. प्राइस स्वतः आदिवासी समाजातल्या, त्यामुळे इथे सोयीचे खलनायक हुडकू नयेत. त्यांनी माफी मागितली नाही, आठवड्याभरात पक्षानं त्यांना पुढच्या बाकावरून, म्हणजे प्रमुख प्रवक्त्यांच्या फळीतून, हटवलं. हे काही सद्विचारानं घडलं असं मी मानत नाही. भारतात जन्मलेले 2021 च्या जनगणनेतच पावणेसात लाखांच्या घरात होते आणि सिडनी-मेलबर्नच्या कित्येक मतदारसंघांत त्यांच्या मतांवर निकाल फिरतो.

राहता राहिली भाषा. ऑस्ट्रेलियानं 1901 ला कायदा करून श्रुतलेखनाची परीक्षा ठेवली होती: अधिकारी पन्नास शब्द सांगणार, तेही कुठल्याही युरोपीय भाषेत. नको असलेला माणूस इंग्रजीत पास झाला तर त्याला दुसऱ्या भाषेत बसवत. 1934 ला एगॉन किश या लेखकाला स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा द्यायला लावली होती! 1958 ला ती बंद झाली. आज आम्हालाही इंग्रजीची परीक्षा असते, आणि ती मला गैर वाटत नाही. तशीच मुंबईत राहणाऱ्यानं मराठी शिकावी ही अपेक्षाही गैर नाही. फक्त इथे, 1948 पासून, कायम राहायला आलेल्यांसाठी सरकारचे मोफत इंग्रजी वर्ग आहेत. मुंबईत टॅक्सीवाल्यासाठी संध्याकाळचा मोफत मराठी वर्ग कुठे भरतो, असं मी ग्रुपवर विचारलं होतं. कानाखाली कुठे मिळते याचे पत्ते आले, वर्गाचा एकही नाही. उलट मेलबर्नमध्ये आमची पोरं ज्या मराठी शाळेत जातात तसल्या शाळांना इथलं राज्य सरकार दर विद्यार्थ्यामागे अनुदान देतं.

एवढं सगळं झाल्यावर आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट. इथल्या मराठी बैठकांत दहा-पंधरा वर्षं मुरलेले एक गृहस्थ हमखास भेटतात. पहिलं घर फिटत आलेलं, दुसरं निगेटिव्ह गिअरिंगवर घेतलेलं. पुरणपोळीवर तूप घेत ते सांगतात, "आता फार गर्दी झाली. क्वालिटी राहिली नाही. व्हिसे बंदच करायला पाहिजेत." त्यांच्या त्या दुसऱ्या घरात नागपूरची चार मुलं राहतात. बारा महिने भरल्याबरोबर त्यांना भाडेवाढीची नोटीस गेली. कारण विचारलं तर म्हणाले, मागणी आहे.