भाच्याने ९४४ घ्यावी का? एका मामांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण तिच्यात मुद्दे आहेत. म्हणून ‘अभिप्रायाबद्दल आभार’ म्हणून सुटत नाही, सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. जुन्या पोर्शे ९४४ वरचा माझा लेख वाचून यांचा भाचा, जो अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला पहिल्याच नोकरीत आहे, १९८७ ची एक लाल ९४४ घ्यायला निघालाय. विकणारा साडेचार हजार डॉलर मागतोय. गाडी चालू आहे, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते त्याला ठाऊक नाही. भाचा अपार्टमेंटमध्ये राहतो आणि या खरेदीसाठी हातातली कोरोला विकणार आहे. मामांचं म्हणणं असं: स्वस्त पोर्शेएवढी महाग गाडी जगात नाही, बेल्ट तुटला की इंजिन खलास, म्हणजे गाडी मुळातच सदोष, शिवाय ती खरी पोर्शे नव्हेच, ऑडीचा माल, हौसच असेल तर माझदाची मियाटा घ्यावी, आणि मी ‘मध्यमवर्गीय पोरांना मिरवायचे डोहाळे लावतोय’.

शेवटचं आधी घेतो, कारण ते सोपं आहे. ९४४ घेऊन मिरवता येत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला नेली तर पार्किंगमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘ही माझदाची आरएक्स-७ ना?’ दुसरा प्रश्न, ‘अजून चालते?’ मिरवायचं असेल तर त्याच पार्किंगमध्ये हप्त्यावर घेतलेल्या चकचकीत गाड्यांची रांग असते, तिकडे बघा. एक गंमत मात्र सांगतो. आमच्या मिशिगनमध्ये २५ वर्षांवरच्या गाडीला स्वस्तात ‘हिस्टॉरिक’ नंबरप्लेट मिळते, पण मग ती गाडी क्लबच्या कार्यक्रमांना, प्रदर्शनांना आणि मिरवणुकांनाच काढायची. रोजच्या वापराला फक्त ऑगस्ट महिना मोकळा. म्हणजे कायद्यानेच मिरवायचं बंधन, एवढ्यापुरते तुम्ही बरोबर आहात.

आता ‘ऑडीचा माल’. हा टोमणा ९४४ च्या नाही, तिच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याचा आहे. ९२४ ही गाडी पोर्शेने फोक्सवॅगनसाठी कंत्राटावर आखली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर फोक्सवॅगनने अंग काढून घेतलं, तेव्हा पोर्शेने आपलंच काम परत विकत घेतलं आणि १९७६ मध्ये ती स्वतःच्या नावाने बाजारात आणली. तिचं दोन लिटरचं इंजिन फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्येही बसायचं, आणि लोक त्यावरून आजही हसतात. पण १९८२ च्या ९४४ मध्ये ते इंजिन नाही. तिचं अडीच लिटरचं इंजिन पोर्शेचंच, त्यांच्याच मोठ्या ९२८ गाडीच्या आठ सिलिंडरी इंजिनाचा जवळजवळ अर्धा भाग म्हणावं असं. गिअरबॉक्सच्या मुळाशी ऑडी आहे, आणि बहुतेक ९४४ जोडल्याही गेल्या नेकारसुल्मच्या ऑडीच्या कारखान्यात. म्हणून काय बिघडलं? इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मंनिम्मं. वळणावर गाडी जशी बसते ती त्यामुळे. कारखान्याच्या दारावर कुणाची पाटी होती याने ते बदलत नाही.

त्या इंजिनाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण बेल्टचा मुद्दा तिथूनच निघतो. अडीच लिटर आणि सिलिंडर फक्त चार, म्हणजे एकेक सहाशे सीसीच्या वर. एकेकात अख्खी बुलेट ५०० मावून उरेल. एवढे मोठे चार पिस्टन वरखाली करायला लागले की क्रँकच्या (पिस्टनची वरखाली चाल फिरती करणाऱ्या दांड्याच्या) दुप्पट वेगाने एक थरथर उठते, आणि ती रबरी माउंटिंगला आवरत नाही. त्यावरचा इलाज लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच शोधला होता: क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन शाफ्ट. त्यांची आधुनिक रचना मित्सुबिशीच्या पेटंटमध्ये होती आणि पोर्शेने तिचा परवाना घेतला. म्हणून ९४४ ला पुढच्या बाजूला दोन बेल्ट आहेत, एक कॅमशाफ्टचा (वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, म्हणजेच टायमिंग बेल्ट) आणि दुसरा थरथर मारणाऱ्या या दोन शाफ्टचा, म्हणजे बॅलन्स शाफ्टचा. बॅलन्सचा बेल्ट तुटून कॅमच्या बेल्टमध्ये अडकला की दोन्ही जातात.

कॅमचा बेल्ट गेला की तुम्ही म्हणता तसंच होतं. कॅमशाफ्ट थांबतो, क्रँक फिरत राहतो, पिस्टन वर येऊन उघड्या वाल्व्हवर आदळतात आणि वाल्व्ह वाकतात. मग हेड, म्हणजे वाल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवणं आलंच. पण याला ‘मुळातच सदोष’ म्हणायचं तर तुमच्या कोलंबसशेजारी मेरीसव्हिलला नव्वदच्या दशकात बनलेल्या होंडा अकॉर्डलाही म्हणावं लागेल. त्या चार सिलिंडरी इंजिनातही बेल्ट तुटला की वाल्व्ह वाकतात, त्यांनाही बॅलन्स शाफ्टचा वेगळा बेल्ट आहे, आणि त्या गाडीच्या भरवशावर आपल्यातल्या कितीतरी जणांनी इथे संसार उभे केले. फरक मुदतीचा आहे. होंडाला ९०,००० मैल, ९४४ वाले मात्र ३०,००० मैल किंवा चार वर्षं, जे आधी येईल ते धरतात. आणि नुसता बेल्ट बदलून भागत नाही. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, रोलर झिजतात, पुढची ऑइल सील गळून बेल्टवर तेल येतं. हे सगळं एकदम करायचं आणि ताण मोजून ठेवायचा. बेल्ट बदलल्याची पावती विकणाऱ्याकडे नसेल तर तो बदललेला नाही असंच समजायचं. तो माणूस कितीही सज्जन असो.

खरं तर बेल्टपेक्षा तुम्ही क्लचवर बोट ठेवायला हवं होतं. क्लच इंजिनाला चिकटून, गिअरबॉक्स मागे आणि मधे टॉर्क ट्यूब, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टची नळी. क्लचपर्यंत हात पोचायला सायलेन्सर खाली, गिअरबॉक्स मागे सरकवा, ट्यूब मागे ओढा, मग क्लचवरचं आवरण, बेलहाउसिंग. मूळच्या क्लच प्लेटचा मधला भाग रबरी असतो आणि जुनं झालं की ते रबर तुकडे तुकडे होऊन सुटतं. गॅरेजवाला या कामाला बारा-पंधरा तास लावतो आणि तासाला दीडशे डॉलर घेतो. सुटे भाग वेगळे. म्हणजे भाच्याच्या गाडीची निम्मी किंमत एका कामात गेली.

तुमचा महागाईचा हिशेब त्यामुळे चुकीचा नाही. साडेचार हजारांची गाडी वर्षभरात आणखी सहा-सात हजार सहज खाईल, जर प्रत्येक काम गॅरेजमध्ये दिलं तर. पण तो हिशेब मुक्कामी पोचायला वाहन हवं असलेल्या माणसाचा आहे. त्यात मजुरी हा खर्च असतो. प्रोजेक्ट म्हणून गाडी घेणारा ती मजुरीच विकत घेत असतो. शनिवारची दुपार, हाताला ग्रीस, गंजलेला बोल्ट सुटेपर्यंत दिलेल्या शिव्या, हे त्याला हवं असतं. ते नको असेल तर साडेचार हजार काय, ९४४ फुकट मिळाली तरी घेऊ नये. माझ्या लेखातलं ‘स्वस्त’ हे त्या माणसासाठी होतं. सुटे भाग मिळत नाहीत ही भीतीही ९४४ ला लागू नाही. दीड लाखाहून जास्त गाड्या बनल्या, आणि बिघडायचं ते सगळं कधीच बिघडून, लोकांनी फोटोंसकट लिहून ठेवलंय. गाडी अचानक बंद पडली तर डीएमई रिले (इंजिनाच्या संगणकाला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) बघा, ऑडोमीटर थांबला असेल तर आतलं प्लास्टिकचं चाक तुटलंय, मागची काच फ्रेमपासून सुटली तर त्यावरही उपाय लिहिलेला आहे. शिकणाऱ्याला असं यंत्र बरं, ज्याची दुखणी आधीच ठाऊक आहेत.

मियाटाबद्दल वाद नाही. १९८९ नंतरची पहिल्या पिढीची मियाटा हलकी, साधी, आणि तिचा बेल्ट तुटला तर वाल्व्ह वाकत नाहीत. नवा बेल्ट घाला आणि निघा. भाच्याला रविवारी चालवायला गाडी हवी असेल तर मियाटाच घ्यावी. फक्त मागच्या चाकांच्या पुढचा पत्रा खालून बोटाने दाबून बघावा, ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तो आतून खाल्लेला असतो.

मग भाच्याने ही लाल ९४४ घ्यावी का? माझं उत्तर तुमचंच आहे: नाही. कारणं मात्र वेगळी. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकस्टँडवर चढवली की दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाची नोटीस आणि चौथ्या दिवशी टो ट्रक. (आमच्या वस्तीत तर ड्राइव्हवेवर बॉनेट उघडं दिसलं तरी पत्र येतं.) आणि कोरोला विकून? अजिबात नाही. कामाला जायला दुसरी गाडी नसेल तर प्रोजेक्ट सोमवारी सकाळी आणीबाणी बनतो, आणि मग प्रत्येक काम घाईत, गॅरेजमध्ये, ताशी दीडशेने. तिथे तुमचा हिशेब शंभर टक्के लागू होतो. जुन्या गाड्यांचा स्वस्त विमा देणाऱ्या कंपन्यासुद्धा बहुधा आधी हेच विचारतात, रोजच्या वापराची दुसरी गाडी आहे ना?

कोरोला ठेवली आणि छप्पर मिळालं तर माझं मत बदलेल. तुमच्याकडे दोन गाड्यांचं गॅरेज आहे असं तुम्हीच ओझरतं लिहिलंय, तेव्हा तो विषय तुमच्या घरातला.

त्याला बघायला जायचंच असेल तर अडवू नका, बरोबर जा. तुम्ही घातलेले प्रश्न विकणाऱ्याला जड जातील. आधी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गार इंजिनावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर तिथूनच मागे फिरा. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. आत तपकिरी साय दिसली तर तेल आणि पाणी एकत्र होतंय. नशीब असेल तर ऑइल कूलरची सील गेली असतील, नसेल तर हेड गॅस्केट. बॅटरी काचेखालच्या कोपऱ्यात असेल तर तिच्याखालचा पत्रा बघा. तो कुजला की पाणी आत पाय ठेवायच्या जागेपर्यंत उतरतं. ९४४ ची बॉडी जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची आहे, पण मिठापुढे जस्तही किती टिकणार? दारांखालची पत्र्याची पट्टी (सिल) टॉर्च लावून बघा. डॅशबोर्ड भेगाळलेला असेल तर मी उलट खूश होईन, कारण गाडी ॲरिझोनासारख्या कोरड्या उन्हातली असण्याची शक्यता वाढते, आणि भेगा झाकता येतात. इंजिन तापल्यावर, नुसतं चालू ठेवून, तेलाचा दाब दोन बारच्या आसपास हवा. काटा खाली लोळत असेल तर सौदा संपला.

आणि एवढं सगळं होऊनही त्याने घेतलीच, तर ती चालवत आणू देऊ नका. विकणारा म्हणेल, ‘रोज चालवतो, काही होत नाही.’ गाडी पाठीवर घालून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा. बेल्टची पावती नाही ना?