माइनक्राफ्टमध्ये मॉड टाकण्याआधी

माइनक्राफ्ट हा खेळ अडखळत चालतो आहे, कोणते मॉड (खेळात बदल करणारे जोड-प्रोग्राम) टाकू, असे कोणी विचारले की उत्तरादाखल पंचवीस-तीस नावांची यादी हातात पडते. विचारणारा ती सगळी एका दमात उतरवून घेतो आणि खेळ पूर्वीपेक्षा जड तरी होतो किंवा सुरूच होत नाही. यादी देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण अडखळतो म्हणजे नेमके काय होते, हे त्याने विचारलेले नसते. माझ्या मते मॉडची निवड दोन प्रश्नांवर व्हावी: दुखणे नेमके कुठे आहे, आणि हा मॉड उद्या काढला तर माझ्या जगाचे काय होईल? (हे सारे खेळाच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीबद्दल आहे, मोबाइलवरही चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत ॲड-ऑन असतात, त्यांचा मामला वेगळा.)

दुखण्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला चित्राचा: एफ३ दाबल्यावर दिसणारा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला रेखाटल्या जाणाऱ्या चित्रांचा आकडाच कमी असतो आणि मान वळवली की दृश्य तुटक सरकते. दुसरा जगाच्या हिशेबाचा: खेळाचे जग सेकंदाला २० टिक, म्हणजे हिशेबाच्या २० फेऱ्या, या गतीने चालते, म्हणजे प्रत्येक टिकच्या वाट्याला ५० मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्या वेळात काम उरकले नाही तर फ्रेम भरपूर असूनही पेटी उशिरा उघडते आणि फोडलेल्या ब्लॉकची वस्तू क्षणभराने पडते. तिसरा मेमरीचा: खेळ छान चालता चालता ठरावीक अंतराने गचका देतो, कारण खेळ ज्यावर चालतो ती जावा त्या वेळी नको असलेला डेटा साफ करत असते. या तिन्हींना सरसकट ‘लॅग’ म्हटले जाते आणि तिथेच निवड चुकते, कारण एकावरचा उपाय दुसऱ्यावर लागू पडत नाही.

मॉडच्या आधी सेटिंगकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. रेंडर डिस्टन्स, म्हणजे किती दूरपर्यंतचे जग दिसते तो आकडा, ८ असेल तर तुमच्याभोवती १७ गुणिले १७, म्हणजे २८९ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) असतात. १६ केले की १०८९ आणि ३२ केले की ४२२५. आकडा दुप्पट केला की काम जवळजवळ चौपट होते. शिवाय १.१८ आवृत्तीपासून जगाची उंची २५६ वरून ३८४ ब्लॉक झाली, त्यामुळे प्रत्येक चंकही पूर्वीपेक्षा मोठा आहे. त्याच आवृत्तीत आलेले सिम्युलेशन डिस्टन्स, म्हणजे किती दूरपर्यंतच्या जगाचा हिशेब चालतो ते अंतर, वेगळे कमी करता येते, म्हणजे दूरचा डोंगर दिसत राहतो, पण तिथले प्राणी आणि पिके यांचा हिशेब चालत नाही.

एवढे करूनही चित्रच कमी पडत असेल तर सोडियम. तो खेळाचे रेखाटनाचे यंत्रच बदलतो, आणि एकच मॉड टाकायचा असेल तर मी बिनदिक्कत त्याचे नाव घेईन. शेडर, म्हणजे प्रकाश आणि सावल्यांचे सुंदर परिणाम, हवे असतील तर जोडीला आयरिस. ऑप्टिफाइन या जुन्या मॉडने अनेक वर्षे हे काम केले, त्याबद्दल आदर आहेच. पण तो सोडियमबरोबर नांदत नाही आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने आता त्याच्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही. भिंतीआडच्या शेकडो पेट्यांनी भरलेल्या कोठारासमोर उभे राहिल्यावर फ्रेम कोसळत असतील, तर एंटिटी कलिंग कामाला येतो, कारण जे भिंतीमागे झाकलेले आहे ते तो रेखाटतच नाही. टिकचे दुखणे मात्र यातल्या कशानेही जाणार नाही. तिथे लिथियम हवा. तो हॉपर (वस्तू आपोआप गोळा करून पुढे सरकवणारे नरसाळे), प्राण्यांची हालचाल वगैरे हिशेब हलके करतो आणि मूळ खेळाचे वर्तन बदलू देत नाही. नेमके कोण वेळ खाते आहे हे शोधायला स्पार्क आहे. मेमरीसाठी फेराइटकोअर. आठ जीबी रॅमच्या संगणकावर सहा जीबी खेळाला देऊन टाकण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. बाकीच्या यंत्रणेने जगायचे कशावर?

वरचे सगळे मॉड आज टाकावेत आणि पटले नाहीत तर उद्या काढावेत. जगाला ओरखडाही उमटत नाही. खेळात भर घालणाऱ्या मॉडचे तसे नसते, आणि म्हणून तिथे मी कंजूष आहे. क्रिएट हा माझा सर्वांत आवडता मॉड. त्यात पाणचक्की फिरते, तिची गती दांड्यांतून आणि दातेरी चाकांतून पट्ट्यांपर्यंत पोहोचते, आणि चक्कीला पेलवेल त्यापेक्षा जास्त यंत्रे जोडली की जोडलेला सगळा पसारा जागीच थांबतो. मग काय काढायचे, गती कुठे कमी करायची, हे डोके लावून सोडवावे लागते. अशा मॉडसाठी मी जगाची बांधिलकी पत्करतो, कारण तो काढला तर त्याचा प्रत्येक ब्लॉक नाहीसा होऊन कारखान्याच्या जागी भोके उरतात. याउलट एक कळ दाबून खनिजाची अख्खी शीर फोडणारे मॉड मला नकोसे वाटतात. ज्या कष्टामुळे हिरा सापडल्याचा आनंद होतो, तेच कष्ट हे मॉड काढून घेतात.

भूभाग बदलणाऱ्या मॉडबाबत आणखी एक खुबी आहे. टेरालिथ फक्त मूळ खेळातलेच ब्लॉक वापरतो, बायोम्स ओ’ प्लेंटी स्वतःची झाडे आणि लाकूड आणतो. म्हणून काढून टाकताना दुसरा जास्त महागात पडतो. दोन्ही नव्या जगातच सुरू करावेत, नाहीतर जुन्या आणि नव्या भूभागाच्या सीमेवर सुरीने कापल्यासारखे कडे उभे राहतात.

क्रमही उलटा हवा. आधी खेळात भर घालणारे, मनापासून हवे असलेले मॉड ठरवावेत, ते कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या लोडरवर (मॉड खेळात चढवणाऱ्या प्रोग्रामवर) चालतात हे पाहावे, आणि मगच वेगाचे मॉड शोधावेत. फोर्ज, २०१८ मध्ये आलेला फॅब्रिक आणि २०२३ मध्ये फोर्जपासून फुटलेला निओफोर्ज यांचे मॉड सहसा एकमेकांत चालत नाहीत. मित्रांबरोबर सर्व्हरवर खेळणार असाल तर सोडियम ज्याने त्याने आपल्या संगणकावर टाकायचा असतो, लिथियम सर्व्हरवर टाकला तरी सर्वांना फायदा होतो, आणि क्रिएट मात्र दोन्हीकडे लागतो.

मॉड कुठून घेता यालाही तितकेच महत्त्व आहे, कारण मॉड हा तुमच्या खात्याचे सगळे अधिकार घेऊन चालणारा जावा प्रोग्राम असतो. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा घातक प्रोग्राम कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या संकेतस्थळावरच्या मॉडमधून पसरला होता. अनोळखी संकेतस्थळावरच्या फायलीचा भरवसा मग काय धरावा? मी तरी मूळ लेखकाच्या पानावरूनच मॉड घेतो, जगाच्या फायली असलेल्या सेव्ह्ज फोल्डरची प्रत काढून ठेवतो आणि एका वेळी एकच नवा मॉड टाकून खेळून पाहतो. खेळाची नवी आवृत्ती आली की सगळे मॉड तिच्यासाठी तयार होईपर्यंत जुन्याच आवृत्तीवर खेळतो, आणि लाँचरमध्ये जुनी आवृत्ती निवडता येत असल्यामुळे त्यात अडचण काहीच नाही.