निरोगी तरुण पाहिजे

माझी मावसबहीण फिजिओथेरपीत एमपीटी, म्हणजे मास्टर्स, करतेय आणि तिच्या प्रबंधाला 18 ते 25 वयाचे निरोगी तरुण हवे होते. फोन आईने घेतला. "निरोगी आहे गं, अगदी ठणठणीत. कामाचा नाही, एवढंच," अशी शिफारस करून तिने मला परस्पर देऊन टाकलं.

काम काय, तर चालायचं. कॉलेजच्या व्हरांड्यात दहा मीटरची पट्टी आखलेली, बाजूला तिपाईवर मोबाइल. मला हाफ पँट घालायला लावून ताईने माझ्या कमरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर आणि करंगळीच्या मुळाशी टिकल्या लावल्या. मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी चकाकणारे गोळे आणि इन्फ्रारेड कॅमेरे असतात. इथे मावशीचं लाल टिकल्यांचं पाकीट होतं. घामाने गुडघ्यावरची टिकली सारखी गळायला लागली, तेव्हा ताईने ती चिकटपट्टीने पक्की केली. ती पट्टी शेवटी एका झटक्यात निघाली, तिथल्या केसांसकट. संमतीपत्रात याबद्दल अवाक्षर नव्हतं.

मी कुरकुरलो तशी तिने मला लाइपझिगच्या सैनिकाची गोष्ट ऐकवली. 1890 च्या दशकात ब्राउने आणि फिशर या दोघा जर्मनांनी एका सैनिकाच्या अंगाला विजेच्या नळ्या बांधल्या आणि अंधारात त्याला चालवून फोटो काढले. चालणं मिनिटांचं, नळ्या बांधण्यातच कित्येक तास जायचे. "त्याने तक्रार केली नाही," ताई म्हणाली. सैनिकच तो, करून सांगतो कोणाला?

"हं, आता नेहमीसारखा चाल."

हे वाक्य ऐकल्यावर जगातला कोणताही माणूस नेहमीसारखा चालू शकत नाही. मी दोन वर्षांचा असल्यापासून बिनबोभाट चालतोय, पण त्या क्षणी टाच आधी टेकायची की चवडा, हेच आठवेना. उजव्या पायाबरोबर उजवा हातही पुढे निघाला. शिपाईमामा हातातला चहा तसाच धरून बघत उभे राहिले.

हात पायाच्या उलटे हलतात ते काही ऐट म्हणून नाही. पाय पुढे गेला की धडाला पीळ बसतो आणि विरुद्ध बाजूचा हात तो पीळ उतरवतो. 2009 साली छापून आलेल्या एका अभ्यासात हे मोजलंय : हात अंगाशी धरून चाललं तर 12 टक्के जास्त शक्ती लागते आणि माझ्यासारखं एकाच बाजूचे हात-पाय सोबत टाकले तर 26 टक्के. म्हणजे मी इतरांपेक्षा जास्त मेहनत घेत होतो. ताईने ही बाजू विचारातच घेतली नाही.

मधल्या वेळात ती शिकवत होती. प्रत्येक पाय त्याच्या फेरीतला साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के हवेत असतो. त्यामुळे मधेमधे थोडा वेळ दोन्ही पाय जमिनीवर सापडतात. ते सापडेनासे झाले की चालणं संपलं, धावणं सुरू. टेकलेल्या पायावरून अख्खं शरीर उलट्या लंबकासारखं पुढे जातं, कंबर चार-पाच सेंटीमीटर वर-खाली होते, आणि वर जाताना साठवलेली बरीचशी ऊर्जा खाली येताना परत मिळते. म्हणून चालणं इतकं स्वस्त पडतं. हवेतला पाय पुढे जातो तेव्हा बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वर असतात. आमच्या पुण्यातल्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉकच त्याहून वर आलेले असतात, हे मी लगेच निदर्शनास आणून दिलं. प्रबंधात त्याला जागा नाही म्हणे.

मग ठशांचा कार्यक्रम. तळव्यांना खडूची पूड फासून काळ्या कागदावरून जायचं आणि यायचं. दोन्ही दिशांची पांढरी पावलं बघून शिपाईमामांना राहवेना. "मॅडम, लक्ष्मी आत येतेय का बाहेर चाललीय?"

सगळ्यात शेवटी चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायचे होते. त्र्याण्णव, शहाऐंशी इथपर्यंत मी छान गेलो. एकोणऐंशीनंतर आधी डोकं थांबलं, मग पाय. पण ताई खूश! चालण्याकडे लक्ष नव्हतं, तेवढीच पावलं तिला सरळ मिळाली होती.

संध्याकाळी ती मापं घेऊन घरी आली. उजवं पाऊल डाव्यापेक्षा जास्त बाहेर वळतं, असं निघालं. "पहिलीपासून सांगतेय, फेंगडा चालतो," आई म्हणाली. तिला मोबाइल, तिपाई काहीच लागलं नव्हतं.

बाबांनी तोवर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता. "माझीही घे गं मापं."

"काका, पंचविशीपर्यंतचेच हवेत. तरुणांची चाल प्रमाण धरायची आणि बाकीच्यांची तिच्याशी ताडून बघायची, असं असतं."

बाबा रोज पहाटे पर्वती चढून येतात. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "हा दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने येतो. आणि माझ्या चालीत खोट आहे का, ते याच्यावरून ठरणार?"

"हो काका."

बाबांनी पायजमा खाली केला. तेव्हापासून दूध असो, कोथिंबीर असो, नाक्यावर मलाच पिटाळतात. मानदंड गंजता कामा नये म्हणे.