गेटला नेमकं काय करायचं?

आमच्या इमारतीत इंग्रजी पेपर फक्त माझ्याकडे येतो. तो मी वाचतो की रद्दीत घालतो हे कुणी विचारत नाही, पण इंग्रजीत काही लिहायचं निघालं की सगळे माझंच दार वाजवतात. परवा सेक्रेटरी आले. "सर, दुसऱ्या मजल्यावर बाहेरची पोरं राहायला आल्यात. गेट सताड उघडं टाकून जात्यात, परवा म्हैस पार जिन्यापर्यंत आली. 'गेट लावा' एवढंच इंग्लिशमध्ये लिवून द्या."

एवढंच! आपल्याकडं 'लावा' म्हटलं की भागतं. दार, कडी, कुलूप, झाकण, शर्टाची गुंडी, सगळं लावायचंच. दिवा आणि टीव्हीही लावायचाच, म्हणजे बरोबर उलटं काम. तरी 'दिवा लाव' म्हटल्यावर कुणी तो विझवल्याचं ऐकिवात नाही. इंग्रजाला मात्र आधी खुलासा लागतो: नुसतं लोटायचंय, कडी घालायचीय, की किल्ली फिरवायचीय?

'शट' हा त्यांचा घरचा गडी. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थच मुळी अडसर सरकवणे. 'क्लोज' आला फ्रेंचांकडून, १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड घेतलं त्यानंतर, म्हणून तो अजून जरा साहेबी थाटात वावरतो. बँकेतलं खातं क्लोज होतं, शट होत नाही. आमच्या कोल्हापुरातला राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की वाहतूकसुद्धा क्लोजच. तोंड मात्र शट. (राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात आणि पाणी उतरलं की आपले आपण मिटतात. तिथं पाटीचा प्रश्नच नाही.)

रात्री पार्किंगमध्ये मीटिंग बसली. 'लॉक' पहिल्याच फेरीत बाद, कारण पहाटे दूधवाला आत येणार कसा? 'बोल्ट' म्हणताच उद्यमनगरात कारखाना असलेले तळमजल्यावरचे काका म्हणाले, "किती एमएमचा?" 'फासन' (fasten, म्हणजे घट्ट लावणे) मी उच्चारला मात्र, वॉचमननं मान डोलावली, "व्हय, फास्ट लावायचं. हळू लावलं की परत उघडतंय."

खरं सांगायचं तर अचूक शब्द होता 'लॅच'. खिटी पडली पाहिजे, किल्ली नको, येणाऱ्याला हात घालून उघडता आलं पाहिजे. आमच्या गेटचं वर्णनच ते. पण आपल्याकडं लॅच म्हणजे गॅसवर दूध ठेवून माणूस पेपर घ्यायला बाहेर येतो आणि मागं खट्ट होतं ते. खजिनदार लगेच सावध झाले. "बसवायचा खर्च कोण देणार?"

उरले दोघं. पेंटर अक्षरावर पैसे घेतो हे कळल्यावर खजिनदारांनी बोटं मोजली. "शट चार, क्लोज पाच. शट लिवा."

"आणि माझं व्याही आल्यावर?" पहिल्या मजल्यावरच्या काकू उसळल्या. "दारातच शट म्हणायचं त्यास्नी? निदान प्लीज तरी घाला की ओ!"

"प्लीज किती अक्षरी?"

"सहा," मी म्हणालो. "क्लोजला प्लीज नसलं तरी खपून जाईल."

खजिनदारांनी पुन्हा बोटं मोजली. चेहरा खुलला. "मग क्लोज द गेट." थोडं थांबले. "आणि हे मधलं 'द' कशाला? गेट एकच हाय आपल्याला."