म्हणे फॉरमॅट मारा!

कॉम्प्युटर स्लो झाला की या मुंबईत ज्याला त्याला एकच औषध ठाऊक: "फॉरमॅट मार, मक्खन चालेल." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाक. ऑफिसातला सांगतो, सोसायटीतला सांगतो, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातला गाळेवाला तर मशीन न उघडताच सांगतो. मारला की! आता चालू करून चहा टाकावा, गाळावा, पिऊन कप विसळावा, तरी ते गोल गोल फिरतंच आहे.

अहो, नवीन विंडोज टाकल्यावर सुरुवातीला बराच वेळ ते स्वतःच्याच कामात असतं. मागे अपडेट उतरतात, सर्चसाठी फायलींची सूची बनते, अँटीव्हायरस सगळं हुंगत बसतो. टास्क मॅनेजर उघडा, डिस्क १०० टक्के. आणि डिस्क कसली, तर मिनिटाला ५४०० फेरे मारणारी जुनी हार्ड डिस्क! तिथे एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवायला हवी, हे एकजण बोलत नाही. ४ जीबी रॅम ही विंडोज ११ ची किमान अट. किमान! त्यात क्रोमचे दहा टॅब सुखाने नांदतील असं कोणी कबूल केलेलं नाही. (हे आमच्या चिरंजीवांना कोण सांगणार?)

ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र नीट चालवणारं सॉफ्टवेअर? तो टाकायचा राहिलाच. विंडोजच्या कामचलाऊ 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'वर व्हिडिओ ठेचकाळतोय, आणि गाळेवाले महाशय म्हणतात, "काका, ड्रायव्हरचे वेगळे पडतील."

वेगळे? मग आधी पैसे कसले घेतलेत? प्रिंटर तर अजून ओळखसुद्धा दाखवत नाही.